अतिहलके विमान

एक किंवा दोन आसनांचे, एकच एंजिन असलेले व अत्यल्प वजनाचे विमान. अशा विमानाची व्याख्या त्याच्या आकारावरून किंवा उपयोगावरून केली जात नाही. ती कायद्याने ठरविलेले कमाल वजन व न्यूनतम उड्डाणवेग या दोन मर्यादांवरून केली जाते. ज्या वेगाखाली पंख विमानाचे वजन तोलून धरू शकत नाहीत त्यास न्यूनतम उड्डाणवेग म्हणतात. यूरोपात दीर्घकाळ रूढ असलेल्या व्याख्येनुसार द्विआसनी अतिहलक्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन ४५० किग्रॅ. पेक्षा (बचाव-छत्री बसविली असल्यास ४७२·५ किग्रॅ. पेक्षा) आणि न्यूनतम उड्डाणवेग ताशी ६५ किमी. पेक्षा जास्त असू नये. अमेरिकेत १९८२ मध्ये झालेल्या नियमाने ही संज्ञा आणखी आकुंचित केली. तेथे अतिहलके विमान एकासनी असावे लागते. त्याचे रिक्त वजन सु. ११५ किग्रॅ., इंधन १९ लि. व कमाल वेग ताशी सु. १०२ किमी. या मर्यादांत असावा लागतो. या मर्यादा पाळल्यास ते चालविण्यास वैमानिकाचा परवाना लागत नाही. भारतात या वर्गातील विमाने मायक्रोलाइट या नावाने नोंदविली जातात.

वजन व वेग यांवर मर्यादा घालण्याचे कारण साधे आहे. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोठे प्रवासी जेट विमान ताशी सु. २४० किमी. वेगाने धावपट्टीवर उतरते, तर अतिहलके विमान ताशी ६५ किमी. च्या आसपास. म्हणजे प्रत्येक किग्रॅ. वजनामागे पहिल्याची ऊर्जा दुसऱ्याच्या तेरापटींहून अधिक असते. एंजिन बंद पडून शेतात उतरण्याचा प्रसंग आला, तर हाच फरक आरोहींचे प्राण वाचवितो. तसेच हलके व मंद विमान कोसळले, तरी जमिनीवरील लोकांस त्याचा धोका मर्यादित असतो. म्हणून मोठ्या विमानांसाठी असलेली प्रमाणपत्रांची खर्चिक पद्धती या विमानांना बहुतेक देशांनी लागू केली नाही. या सवलतीतूनच लहान कारखान्यांचा हा उद्योग उभा राहिला.

वजनाचा हिशेब : अतिहलक्या विमानाच्या अभिकल्पात प्रत्येक किग्रॅ.चा हिशेब ठेवावा लागतो. ४५० किग्रॅ. मधून प्रत्येकी ८५ किग्रॅ. वजनाचे दोन आरोही व ७० लि. पेट्रोल (सु. ५० किग्रॅ.) वजा केले, तर २३० किग्रॅ. उरतात. एंजिन, पंखा, तेल, शीतक व बॅटरी यांना सु. ८० किग्रॅ. लागतात. उरलेल्या १५० किग्रॅ.त दोन्ही पंख, धड, पुच्छ, चाके, आसने, नियंत्रणाच्या तारा व दांडे, उपकरणे आणि रंग हे सर्व बसवावयाचे असते. प्रत्यक्षात ते क्वचितच बसते. या वर्गातील अनेक द्विआसनी विमानांचे रिक्त वजन २८० ते ३०० किग्रॅ. भरते. रिक्त वजन २८५ किग्रॅ. धरले, तर प्रत्येकी ८० किग्रॅ.चे दोघे बसल्यावर इंधनासाठी केवळ ५ किग्रॅ., म्हणजे सु. ७ लि. एवढीच मुभा राहते आणि तेवढ्यात अर्धा तासही उड्डाण करता येत नाही. साहजिकच कागदावर ४५० किग्रॅ.चे असलेले विमान अनेकदा त्याहून अधिक भार घेऊन उडत असे. ही गोष्ट उद्योगातील सर्वांना ठाऊक होती, परंतु तिचा उघड उच्चार फारसा होत नसे. अमेरिकेने २००४ मध्ये हलक्या क्रीडाविमानांचा ६०० किग्रॅ. मर्यादेचा वेगळा वर्ग निर्माण केला. यूरोपीय संघाने २०१८ च्या विनियमाने सदस्य राष्ट्रांना ६०० किग्रॅ. पर्यंतची विमाने राष्ट्रीय नियंत्रणाखाली ठेवण्याची मुभा दिली आणि चेक प्रजासत्ताकासह अनेक देशांनी ती स्वीकारली. २०२५ मध्ये अमेरिकेने क्रीडाविमानांसाठी वजनाची मर्यादा काढून टाकून न्यूनतम उड्डाणवेग हीच मुख्य कसोटी मानली. शास्त्रीय दृष्ट्या ही कसोटी अधिक योग्य आहे. कारण वजनाची मर्यादा कडक ठेवली की अभिकल्पक सांगाड्याची जाडी कमी करण्याच्या मोहात पडतो.

न्यूनतम उड्डाणवेग मुख्यतः पंखाच्या क्षेत्रफळावर व त्याच्या छेदाच्या आकारावर अवलंबून असतो. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत १२ चौ. मी. क्षेत्रफळाचा व मागील कडेस खाली वळणाऱ्या झडपा असलेला पंख ४५० किग्रॅ. वजन ताशी सु. ६५ किमी. वेगापर्यंत तोलू शकतो. क्षेत्रफळ कमी केल्यास प्रवासाचा वेग वाढतो, पण उतरण्याचा वेगही वाढतो. या दोहोंमधील तडजोड हेच अशा विमानाच्या अभिकल्पाचे मर्म होय.

रचना : या विमानांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात कापडी त्रिकोणी पंखाखाली तीन चाकांची गाडी टांगलेली असते. वैमानिक समोरील आडवा दांडा ढकलून किंवा ओढून आपल्या शरीराचा व गाडीचा भार सरकवतो आणि त्यामुळे विमान वळते, चढते वा उतरते. दुसऱ्या प्रकारात नेहमीच्या विमानाप्रमाणे पंखांच्या टोकांकडील झडपा, उत्थापक व सुकाणू यांनी तिन्ही अक्षांभोवती नियंत्रण केले जाते.

सांगाड्यासाठी प्रारंभी ॲल्युमिनियमाच्या नळ्या व पोलादी तारा वापरीत आणि त्यावर पॉलिएस्टर कापड चढवीत. हे कापड सांगाड्यावर चिकटवून त्यावरून ठराविक तापमानाची गरम इस्त्री फिरविली की ते आक्रसते व ढोलावरील चामड्याप्रमाणे ताठ होते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी कापडाची बळकटी घटते, म्हणून त्यावर संरक्षक लेप देतात आणि ते ठराविक काळाने तपासतात. पुढे ॲल्युमिनियमाच्या पत्र्याची आणि काच वा कार्बन तंतू व रेझीन यांच्या संमिश्र द्रव्याची विमाने प्रचारात आली. संमिश्र द्रव्याचा फायदा लहान कारखान्यास विशेष होतो. पत्र्याच्या कामास अवजड दाबयंत्रे लागतात, तर संमिश्र द्रव्यासाठी चांगला साचा, नियंत्रित तापमानाची खोली व कुशल हात पुरतात. मात्र पत्र्यातील दोष डोळ्यांस दिसतो; संमिश्र द्रव्याच्या थरांत राहिलेली पोकळी सहसा दिसत नाही.

एंजिन : आरंभीची अतिहलकी विमाने दोन धावांच्या एंजिनांवर उडत. ही एंजिने हलकी व स्वस्त असली, तरी दीर्घ उड्डाणात दट्ट्या अडकून ती एकाएकी बंद पडण्याचे प्रकार वारंवार घडत. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ९१२ या श्रेणीचे चार धावांचे, समोरासमोर असलेल्या चार सिलिंडरांचे एंजिन बाजारात आणले आणि परिस्थिती पालटली. या एंजिनाचे वजन सु. ६० किग्रॅ. असून मूळ नमुना मिनिटास ५,८०० फेऱ्यांच्या गतीला ८० अश्वशक्ती देतो. एवढ्या गतीने पंखा फिरविल्यास त्याची टोके ध्वनिवेगाजवळ पोहोचून कार्यक्षमता घटते. म्हणून दंतचक्रांच्या साहाय्याने पंख्याची गती मिनिटास सु. २,५५० फेऱ्यांपर्यंत कमी करतात. सिलिंडर हवेने व त्यांची शीर्षे द्रवाने थंड केली जातात. मोटारगाडीचे पेट्रोल त्यास चालते. आजच्या अतिहलक्या विमान-उद्योगाचा मोठा भाग या एकाच एंजिन-श्रेणीवर उभा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. ही त्याची शक्ती आहे आणि दुबळेपणाही.

बचाव-छत्री हे या वर्गाचे आणखी एक वैशिष्ट्य होय. मूठ ओढताच लहान अग्निबाण छत्रीला विमानाबाहेर खेचतो व संपूर्ण विमान आरोहींसह तिच्या आधाराने खाली येते.

इतिहास : अमेरिकन अभियंते फ्रान्सिस रोगॅलो यांनी १९४८ च्या सुमारास तयार केलेल्या लवचिक पंखावरून टांगते ग्लायडर विकसित झाले. १९७० नंतर हौशी उड्डाणपटूंनी टांगत्या ग्लायडरांना लहान एंजिने जोडण्यास सुरुवात केली. अमेरिकेत जॉन मूडी यांनी १९७५–७६ मध्ये केलेल्या अशा उड्डाणांना मोठी प्रसिद्धी मिळाली व थोड्याच वर्षांत हा छंद यूरोपभर पसरला. यूगोस्लाव्हियातील स्लोव्हेनियात ईव्हो बोस्कारोल व त्यांचे सहकारी संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात उडत. त्यांच्या त्रिकोणी पंखांमुळे लोक त्यांना वटवाघळे म्हणू लागले. त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीचे पिपिस्ट्रेल हे नाव याच वटवाघळावरून आले. याच कंपनीच्या द्विआसनी विमानाला २०२० मध्ये यूरोपीय संघाच्या विमान-सुरक्षा संस्थेने प्रमाणपत्र दिले आणि ते विजेवर चालणारे पहिले प्रमाणित विमान ठरले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या टेक्स्ट्रॉन या बलाढ्य उद्योगाने ही कंपनी विकत घेतली.

चेक प्रजासत्ताकातील या उद्योगाचा विकास विशेष अभ्यासनीय आहे. सु. एक कोटी लोकसंख्येच्या या देशात असे कारखाने अनेक आहेत. त्यांची पूर्वपीठिका जुनी आहे. कुनोव्हित्से येथील लेट या सरकारी कारखान्यात एल-१३ ब्लानिक हे धातूचे द्विआसनी ग्लायडर तयार होई. कारेल डलौही यांनी अभिकल्पित केलेल्या या ग्लायडराचे पहिले उड्डाण १९५६ मध्ये झाले आणि पुढे अडीच हजारांहून अधिक नग जगभर गेले. त्यामुळे पत्रा कापणारे, रिव्हेट ठोकणारे, तुळया जोडणारे व विमानाची तपासणी करणारे कारागीर त्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. १९८९ मध्ये साम्यवादी राजवट कोसळली, सरकारी मागणी आटली व हे कसब लहान खाजगी कार्यशाळांकडे वळले. कुनोव्हित्से येथील एव्हेक्टर या संस्थेचे ईव्ही-९७ युरोस्टार हे धातूचे द्विआसनी विमान १९९७ मध्ये उडाले. ह्राडेट्स क्रालोव्हे येथे यिर्झी त्लुस्ती यांनी त्रिकोणी पंखाच्या विमानांपासून सुरुवात करून टीएल-अल्ट्रालाइट ही कंपनी कार्बन तंतूंच्या वेगवान विमानांपर्यंत नेली. मिलान ब्रिस्टेला या अभियंत्याने २००९ मध्ये कुनोव्हित्से येथेच बीआरएम एरो ही स्वतःची कंपनी काढली.

केवळ कसबाने हे घडले नसते. चेक परिवहन मंत्रालयाने अतिहलक्या विमानांची नोंदणी, त्यांच्या नमुन्यांची मान्यता, वार्षिक तपासणी व वैमानिकांचे परवाने हे सारे अधिकार हौशी उड्डाणपटूंच्या संघाकडे सोपविले. तपासनीस स्वतः विमान बांधणारा व उडविणारा असतो. त्यामुळे रेखाचित्र कोणी पाहावे, कोणता भाग दुरुस्त करावा, हे प्रश्न महिन्यांऐवजी दिवसांत सुटतात. बांधणारे व तपासणारे एकाच वर्तुळातील असल्याने डोळेझाक होण्याचा धोका या पद्धतीत राहतो, हा आक्षेप खोटा नाही. त्यास उतारा म्हणून निर्यात उपयोगी पडली. ब्रिटन व जर्मनी यांसारखे देश आपापल्या मानकांनुसार नमुना पुन्हा तपासत. जो नमुना तेथे टिकला, त्याची बाजारात पत वाढली.

लहान कारखान्याचे अर्थकारण : असा कारखाना संपूर्ण विमान स्वतः तयार करीत नाही. सोलापुरातील यंत्रमागधारक जसे सूत बाहेरून आणतो व चादर किंवा टॉवेल विणून त्याला आपले नाव लावतो, तसेच येथेही होते. एंजिन ऑस्ट्रियातून येते. पंखा, चाके, रोधक, उपकरणे व बचाव-छत्री त्या त्या विशेष कारखान्यांतून. विमान-कारखान्याचे स्वतःचे असते ते धड, पंख, पुच्छ आणि मुख्य म्हणजे अभिकल्प. सुताचा भाव वाढला की मागधारक अडचणीत येतो. एंजिनाचा पुरवठा लांबला की विमान-कारखान्यात पूर्ण झालेली धडे उभी राहतात व भांडवल अडकते. वर्षाला पाचपन्नास विमाने विकणाऱ्या कारखान्यास एक मोठा अपघात किंवा एका परदेशी विक्रेत्याचे दिवाळे बुडवू शकते. म्हणून अनेक उत्पादक विमानाचे सुटे संच विकतात. हौशी ग्राहकाने निम्म्याहून अधिक काम स्वतः केले, तर कित्येक देशांत ते विमान ‘स्वनिर्मित’ या सोप्या वर्गात नोंदविता येते. उत्पादकाची मजुरी वाचते आणि ग्राहकाला आपल्या विमानाचा सांधा अन् सांधा ठाऊक होतो.

बळकटीची सिद्धता : नवीन नमुना उडणे ही गोष्ट त्या मानाने सोपी असते. तो टिकतो हे सिद्ध करणे कठीण असते. उड्डाणात वाऱ्याच्या झोताने किंवा तीव्र वळणाने पंखांवर विमानाच्या वजनाच्या चौपट भार येऊ शकतो, असे या वर्गात सामान्यतः गृहीत धरतात व त्यावर दीडपट सुरक्षा ठेवतात. म्हणजे ४५० किग्रॅ.च्या विमानाचे पंख सु. २,७०० किग्रॅ. भार न तुटता पेलू शकले पाहिजेत. चाचणीसाठी पंख उलटा करून चौकटीवर बसवितात आणि मुळापासून टोकापर्यंत, प्रत्यक्ष उड्डाणातील भारवाटणीनुसार, त्यावर वाळूच्या पोत्या रचीत जातात. टोक किती वाकले हे प्रत्येक टप्प्यावर मोजतात. संमिश्र द्रव्याचे रेझीन उष्णतेने मऊ पडते. त्यामुळे यूरोपीय मानकांत पांढऱ्या रंगाच्या संरचनेची बळकटी ५४° से. तापमानास धरून सिद्ध करावी लागते. बहुतेक संमिश्र विमाने पांढरी असतात ती शोभेसाठी नव्हेत.

एकदाच दिलेल्या भाराने न तुटणारा पंख हजारो लहान हिसक्यांनी मात्र तुटू शकतो. यास धातूचा शीण म्हणतात. १२ जून २०१० रोजी ऑस्ट्रियात एका ब्लानिक ग्लायडराचा पंख उड्डाणात तुटून प्रशिक्षक व विद्यार्थी असे दोघेही मृत्युमुखी पडले. मुख्य तुळईत शिणामुळे भंग झाल्याचे तपासात दिसून आले आणि जगभरची शेकडो ब्लानिक ग्लायडरे जमिनीवर उभी करावी लागली. अर्धशतक उत्तम नाव मिळविलेल्या नमुन्याची ही गत झाली. एकूण किती तास उड्डाण झाले, त्यांपैकी कसरतीचे किती, याची प्रत्येक विमानामागे काटेकोर नोंद ठेवणारी यंत्रणा नसेल, तर विमानाची उरलेली आयुर्मर्यादा कोणालाच सांगता येत नाही. लहान उत्पादक बंद पडला, की ही नोंद व सुटे भाग दोन्ही पोरके होतात. ग्राहकाने किंमतीइतकेच याकडेही पाहावयास हवे.

भारतातील स्थिती : भारतीय विमान-उद्योगाचे एक मूळ सोलापुरात सापडते. सोलापूर येथे १८८२ मध्ये जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी अमेरिकन विमान-उद्योजक विल्यम पॉली यांच्या साहाय्याने व म्हैसूर संस्थानच्या भांडवली सहभागाने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरू येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. १९४१ मध्ये तेथे जोडलेले हार्लो हे प्रशिक्षण-विमान उडाले. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये, ब्रिटिश सरकारने कंपनीचा ताबा घेतला व वालचंद त्यातून बाहेर पडले. लहान नागरी विमानांची खाजगी कारखानदारी भारतात कशी वाढली असती, याचा पडताळा त्यामुळे मिळालाच नाही. (⟶ वालचंद हिराचंद).

याच कारखान्यात विष्णू माधव घाटगे (१९०८–९१) यांनी भारतीय अभिकल्पाचा पाया घातला. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज भागात जन्मलेले घाटगे गटिंगेन येथे लूटव्हिख प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण-विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले. त्यानंतर उड्डाणसंघांसाठी पुष्पक हे द्विआसनी विमान तयार करण्यात आले. त्याचे पहिले उड्डाण सप्टेंबर १९५८ मध्ये झाले आणि एकूण सु. १६० नग बांधले गेले. पोलादी नळ्यांचे धड, कापडाचे आच्छादन, ९० अश्वशक्तीचे एंजिन व सु. ६१२ किग्रॅ. कमाल वजन, अशी त्याची रचना होती. अमेरिकन एरोंका विमानाचा त्यावर प्रभाव होता. यूरोप-अमेरिकेने पुढे ज्या ६०० किग्रॅ.च्या वर्गाला नवा म्हणून मान्यता दिली, त्याच्या अगदी जवळ बसणारे विमान भारतात चाळीस वर्षांपेक्षा अधिक काळ आधी नियमित उत्पादनात होते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. सरकारी कारखान्याचे लक्ष लढाऊ विमानांकडे वळले, पुष्पकचे उत्पादन थांबले आणि त्याचा अभिकल्प सुधारून पुढे नेणारा लहान उत्पादक निर्माण झाला नाही. उड्डाणसंघांनी मिळतील ते सुटे भाग घालून जुनी विमाने पुढे कित्येक वर्षे चालविली.

अतिहलक्या विमानांचा भारतातील प्रमुख खाजगी प्रयत्नही बंगळूरू येथेच झाला. जोएल कोश्लँ या फ्रेंच उड्डाणपटूने तेथे राज हंस अल्ट्रालाइट्स हा कारखाना काढला. प्रथम टांगती ग्लायडरे व नंतर एक्स-एअर हे ॲल्युमिनियम नळ्या व कापडाचे द्विआसनी विमान तेथे तयार होऊ लागले. त्याचे बरेचसे नग संचरूपाने फ्रान्स, ब्रिटन इ. देशांत गेले, म्हणजे विमान भारतीय व ग्राहक परकीय, असा प्रकार घडला. उलट राष्ट्रीय छात्रसेना, वायुसेना व नौसेना यांच्यासाठी १९४ मायक्रोलाइट विमाने घेण्याचा करार २०१५ मध्ये झाला, तो वर उल्लेखिलेल्या स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीशी. संध्याकाळी चोरून उडणाऱ्या मंडळींच्या कार्यशाळेकडून एवढी खरेदी भारताला करावी लागली, याचे कारण भारतीय अभियंत्यांच्या कुवतीत नव्हे, तर देशांतर्गत मागणी व मान्यतेची पद्धती यांत शोधावे लागते.

महाराष्ट्रात विमाननिर्मितीची चर्चा निघाली की शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा हटकून सांगितली जाते. तीस विश्वसनीय समकालीन पुरावा उपलब्ध नाही. ज्या ग्रंथाशी तिचा संबंध जोडतात त्या वैमानिक शास्त्रातील विमाने उडण्यास असमर्थ असल्याचे बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले आहे.

प्रत्यक्षात घडलेला प्रयत्न अलीकडचा आहे. विमान कंपनीत वैमानिक असलेले अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर टीएसी-००३ हे सहा आसनी विमान बांधले. आसनसंख्येमुळे ते अतिहलक्या वर्गात मोडत नाही. परंतु एका व्यक्तीने लहान कार्यशाळेत विमान बांधल्यास त्याचे पुढे काय होते, हे दाखविणारे महाराष्ट्रातील ते ठळक उदाहरण आहे. गच्चीवरून सुटे भाग यारीने खाली उतरवून फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील औद्योगिक प्रदर्शनात ते मांडण्यात आले. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणीसाठी त्यांचा पाठपुरावा २०११ पासून चालू होता. व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने नोंदणी झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य शासनाने पालघर जिल्ह्यात कारखान्यासाठी त्यांच्या कंपनीशी सामंजस्य करार केला. उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये धुळे येथील विमानतळावर उड्डाण-चाचण्या झाल्या. या कालक्रमात बांधणीइतकाच काळ परवानग्यांत गेलेला दिसतो. महासंचालनालयाची सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही, कारण अपघात झाल्यास जबाबदारी त्याच्यावर येते. उणीव आहे ती मधल्या दुव्याची. नागरी विमानवाहतुकीचे एकच खाते प्रवासी जेट विमानाला व गच्चीवरील विमानाला एकाच मेजावर तपासते. हौशी बांधणाऱ्याबरोबर पहिल्या रेखाचित्रापासून बसणारी, तांत्रिक अधिकार असलेली संघटना भारतात नाही.

भारतीय हवामानाचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. यूरोपात सिद्ध झालेल्या विमानाचे आकडे दख्खनच्या पठारावर जसेच्या तसे लागू पडत नाहीत. सोलापूरच्या परिसराची उंची समुद्रसपाटीपासून सु. ४७० मी. आहे. मे महिन्यात दुपारी तापमान ४२° से. झाले म्हणजे तेथील हवेची घनता घ. मी. ला सु. १·०६ किग्रॅ. भरते, प्रमाण हवेची घनता १·२२५ किग्रॅ. असते. हवा सु. १३ टक्के विरळ झाल्याने एंजिनाची शक्ती साधारण तितकीच घटते आणि जमिनीच्या सापेक्ष उड्डाणवेग ७ ते ८ टक्क्यांनी वाढतो. दोन्हींचा एकत्रित परिणाम असा, की धावपट्टीवरील धाव सु. एक-तृतीयांशाने लांबते. वैमानिकासमोरील वेगमापक मात्र नेहमीचाच आकडा दाखवितो, कारण तो हवेच्या दाबावर चालतो. त्यामुळे ही वाढ नवख्याच्या लक्षात येत नाही. शिवाय तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणारे झोत कमी वजनाच्या विमानाला अधिक हिसके देतात. म्हणून या प्रदेशात उन्हाळ्यातील प्रशिक्षण पहाटे उरकणे हिताचे असते आणि उघड्यावर उभ्या केलेल्या संमिश्र विमानाच्या पंखांवर आच्छादन घालणे आवश्यक ठरते.

बंगळूरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने अभिकल्पित केलेले हंसा हे संमिश्र द्रव्याचे द्विआसनी विमान नोव्हेंबर १९९३ मध्ये प्रथम उडाले. हंसा-३ या नमुन्याचे कमाल वजन ७५० किग्रॅ. असल्याने ते अतिहलक्या वर्गाच्या थोडे वर आहे, पण एंजिन रोटॅक्सचेच आहे. हंसा-एनजी या सुधारित नमुन्याचे पहिले उड्डाण ३ सप्टेंबर २०२१ रोजी झाले आणि २०२५ मध्ये प्रयोगशाळेने त्याच्या उत्पादनासाठी मुंबईच्या पायोनियर क्लीन ॲम्प्स या खाजगी कंपनीशी करार केला.